गाडीला इंजिन कोणतं?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर नातवानं घरीच चारचाकी बांधायला घेतली. वैरण वाहायची आणि आजीला मळ्यात न्यायचं, एवढंच काम. सांगाडा जुळला, पण इंजिनावरून घरात दोन तट पडले.

मी म्हणालो, विहिरीवरचं पाच घोड्यांचं डिझेल इंजिन पडून आहे, ते बसव. पोरगं हसलं. "आबा, ते एका चालीनं पाणी ओढायला केलंय. ना क्लच, ना गिअर. नुसतं जडचाक उचलायलाच दोन गडी लागतील." खरंच होतं ते.

मग जुन्या मोटारसायकलचं इंजिन आणलं. क्लच, गिअर, किक सगळं एकाच पेटीत. पण ते वाऱ्यावर गार होतं, आणि आम्ही ते पत्र्याखाली कोंडलं! चैत्रात उसाच्या बांधावर गाडी तापून बंद पडली. पुढं पाट, मागं यायला गिअर नाही, आणि वर आमची कारभारीण बसलेली. चौघांनी ढकलून काढली.

बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात होणाऱ्या ॲपेला रिव्हर्स असतो. आता तसलं मोडीतलं इंजिन शोधतोय. तुम्हीही घ्याल तर इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून घ्या. चोरीचा माल गळ्यात पडायचा.

गाडी मात्र शेतातच. २०२१ साली सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची किकवर सुरू होणारी गाडी गाजली. आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली, पण अशी गाडी रस्त्याच्या नियमात बसत नाही, हेही सांगितलं.

कारभारीण म्हणते, मागचा गिअर बसेपर्यंत मी काही चढत नाही.