काटा

तळेघरात माझी ख्याती एकच. काट्यावर साखरेचे चार दाणे जास्त पडले तरी हा माणूस ते चिमटीनं उचलून घेतो. मला त्याचा अभिमानच होता. मंचरहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर किराणा चालवायचा, निम्मं गिऱ्हाईक उधारीवरचं, त्यात बाळहिरडा घ्यायचा आणि त्यावर तेल-मीठ द्यायचं. मन मऊ ठेवून हा धंदा होत नाही, असं माझं पक्कं मत होतं. डोंगरातली माणसं चिवट असतात आणि मनाचे आजार शहरातल्या रिकाम्या लोकांना होतात, हे त्याच मताचं शेपूट.

30 जुलै 2014 ला आमच्याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. गाव असायचं तिथं नुसता चिखल आहे, हे आधी एसटीच्या चालकाला दिसलं आणि मग जगाला कळलं. 151 माणसं गेली. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. त्यानंतरचे काही दिवस गाड्यांची रीघ, कॅमेरे, चादरींचे ढीग. मीही तांदळाची दोन पोती दिली आणि ती पुढं कित्येक वर्षं लोकांना ऐकवली.

माझ्या गिऱ्हाइकांत एक बाई आहे. दिल्या घरी ती आमच्या बाजूची, माहेर माळीणचं. त्या वर्षापासून पंचमीच्या आधी दुकानात यायची. लाह्या, गूळ, पावशेर साखर, भावाच्या पोरांना द्यावीत तशी गोळ्या-बिस्किटं. सगळं पिशवीत नीट भरायची आणि माझ्या पायरीवर बसून राहायची. खालच्या अंगाला जाणारी एसटी यायची, निघून जायची. मग ती उठून घरची वाट धरायची. रडणं नाही, बोलणं नाही. पायरी अडते एवढंच माझ्या डोळ्यांना दिसायचं.

2017 साली मी तोंड उघडलं. 2 एप्रिलला नव्या माळीणची घरं लोकांना दिली होती, त्याचा मोठा कार्यक्रम झाला होता. पंचमीला ती आली तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, “ताई, आता गाव पुन्हा उभं राहिलं. किती वर्षं कुढत बसायचं? माणसं सगळ्यांचीच जातात.” ती म्हणाली, “व्हय भाऊ.” पैसे दिले, गेली. पुढच्या वर्षापासून सामान घ्यायची, पण पायरीवर बसायची नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं बाई सावरली. एक-दोघांना तसं सांगितलंही.

मग 2020 आलं. टाळेबंदीत व्यापारी फिरकला नाही, हिरड्याची पोती माळ्यावर तशीच पडून. 3 जूनला निसर्ग वादळात दुकानाचे पत्रे उडाले आणि पोती भिजली. वाळवायला ऊन कुठलं? चार दिवसांत बुरशी. ज्यांच्याकडून हिरडा घेतला त्यांची झाडं मोडून पडलेली, त्यांच्याकडं उधारी कोणत्या तोंडानं मागायची? भीमाशंकरचं देऊळ बंद, म्हणजे श्रावणातला धंदाही गेला. दिवसभर मी दुकानात पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलायचो, थट्टा करायचो. रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. घरच्यांना कळू नये म्हणून पहाटे मागच्या दारानं बाहेर पडून पावसात चालत सुटायचो. मनात काय काय यायचं ते इथं लिहीत नाही. कुणालाच काही कळलं नाही. बायकोलाही नाही.

25 जुलैला पंचमी होती. आदल्या दिवशी ती आली, तोंडाला पदर बांधून. नेहमीचं सामान. मी साखर तोलली, पुडी बांधून दिली. तिनं ती हातावर दोनदा वरखाली केली, सोडली आणि पुन्हा माझ्या काट्यावर ठेवली.

“भाऊ, पावशेर मागितली व्हती. ही अर्ध्या किलोला आली.”

मी बघत राहिलो. ती हळूच म्हणाली, “मागच्या बाजारीबी तुमी डाळ जास्तीच घातली. तुमचं ध्यान नाही. जेवला का?”

जेवला का, हे आपण दिवसातून दहा जणांना विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. ती थांबली. मला “हो” म्हणता आलं नाही. तिनं पिशवीतल्या लाह्या आणि गूळ काढून काउंटरवर ठेवला आणि स्वतः पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. मी खाल्लं. रडलोही. तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्या लाह्या कुणासाठी घेतलेल्या असायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं मीच त्या तोलून दिल्या होत्या.

एका लाहीनं माणूस बरा होतो असं कुणी समजू नये. त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. पुढं मंचरला डॉक्टरांना दाखवलं, चार महिने झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या घेतल्या. गावात “पित्ताच्या आहेत” म्हणून सांगत होतो, ते खोटं होतं. कर्ज फेडायला त्याहून जास्त वेळ लागला.

2017 च्या त्या बोलण्याबद्दल तिची माफी मागायला मला आणखी एक वर्ष लागलं. ती म्हणाली, “तवा लई लागलं व्हतं.” ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही, हे मला बरं वाटलं.

एसटीच्या वेळा लिहिलेल्या पाटीखाली मी आता खडूनं 14416 लिहून ठेवलाय. सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. कुणी नंबर विचारला तर कुणासाठी ते मी विचारत नाही. पायरीवर गोणपाट टाकलंय.

यंदाच्या पंचमीला ती आली. लाह्या, गूळ, पावशेर साखर. काट्याकडं बघितलं, बरोबर आहे म्हणाली आणि एसटी जाईपर्यंत बसली.