खरखर कोणाची?

दुसऱ्याचा दोष पाहण्यापुरती आमची दृष्टि मुळींच अधू नाहीं.

सकाळच्या बातम्या ऐकल्यावांचून आमच्या मातोश्रींस चहा गोड लागत नाहीं. गेल्या वर्षीं त्यांच्या रेडिओंत एकाएकीं अशी खरखर सुरू झाली कीं, एक वाक्य धड ऐकूं येईना. त्याच आठवड्यांत शेजाऱ्यांनीं पिठाची घरगुती चक्की आणली होती. आरोपी आयताच सांपडला! आम्हीं त्यांस चार शब्द सुनावले. त्यांनीं सकाळीं चक्की लावणें सोडलें, आणि आमच्याकडे येणेंही सोडलें. खरखर मात्र होती तशीच राहिली.

पुढें आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे एक अध्यापक घरीं आले. त्यांनीं रेडिओ सेलवर चालू ठेवून घराचा मुख्य खटका बंद केला. खरखर तत्क्षणीं थांबली! मग एकेक दिवा, एकेक पंखा सुरू करीत ते देवघरापाशीं पोंचले, आणि तेथील एलईडी दिवा लागतांच रेडिओ पुन्हां कण्हूं लागला. तो दिवा स्वस्त म्हणून आम्हींच आणला होता.

असे दिवे व चार्जर विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडून-जोडून कामापुरता दाब मिळवितात. या तोडजोडीचा गोंगाट गाळणारे भाग वगळले कीं वस्तु स्वस्त पडते. पण मग घरांतील ताराच एरियल होऊन तो चहूंकडे फेंकितात, आणि मध्यम लहरींवरील रेडिओ तो इमानानें ऐकवितो. उपाय सोपे आहेत. दिवा चांगला घ्यावा. चार्जरच्या तारेवर फेराइटचें कडें चढवावें. रेडिओ तारांपासून दूर ठेवावा व जागच्या जागीं फिरवून पाहावा, कारण त्याच्या आंतील एरियलास सर्व दिशांचें सारखें ऐकूं येत नाहीं.

जातां जातां त्या अध्यापकांनीं कार्ल जान्स्की यांची हकीकत सांगितली. १९३२ सालीं ते अमेरिकेंत, समुद्रापार चालणाऱ्या बिनतारी टेलिफोनांतील खरखरीचा शोध घेत होते. जवळच्या व दूरच्या वादळांचा आवाज वेगळा काढल्यावरही एक मंद सूं सूं उरली. फिरत्या एरियलनें त्यांनीं महिनोन् महिने तिचा माग काढिला. ती त्याच दिशेस रोज चार मिनिटें अगोदर येई. म्हणजे ताऱ्यांबरोबर फिरे. १९३३ सालीं त्यांनीं ती आकाशगंगेकडून येत असल्याचें जाहीर केलें.

त्यांनीं घाई केली नाहीं, म्हणून त्यांस आकाशगंगा सांपडली. आम्हीं घाई केली व शेजार गमावला.

दिवा बदलला त्याच सायंकाळीं आम्हीं शेजारीं जाऊन क्षमा मागितली. ते फारसें बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं भिंतीपलीकडे चक्की घरघरूं लागली, आणि इकडे बातम्या स्वच्छ ऐकूं येत होत्या.