आठवणीची पक्की

कागदावर तिचं नाव 'संगणकीकृत देखभाल व्यवस्थापन प्रणाली'. पंपहाऊसात तिला नुसतं 'सिस्टम' म्हणतात. बोलते मोजकं, पण काम झाल्याशिवाय पिच्छा सोडत नाही. तीन नंबरचा पंप ठरलेले तास चालला, की बेअरिंगच्या ग्रीसची वर्क ऑर्डर तिने काढलीच म्हणून समजा. ग्लँड पॅकिंग पुन्हा पुन्हा बदलूनही गळती थांबत नसेल, तर ती जुन्या नोंदी पुढ्यात ठेवते. मग फिटर पॅकिंगचा नाद सोडून शाफ्टची स्लीव्ह झिजलीय का ते बघतो.

पंप डोळ्यांसमोर असतो, तिथे तिचं सोपं आहे. तिची खरी कसोटी रस्त्याखाली. मुंबईचंच घ्या. विहारचं पाणी शहरात आलं 1860 मध्ये, तानसाचं 1892 मध्ये. आज सात तलावांचं पाणी या शहराला पुरवायचं, म्हणून चावीवाले वेळापत्रकाप्रमाणे गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडत-बंद करत फिरतात. कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठला किती आट्यांत बसतो, कुठल्या चेंबरवर डांबर चढलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. जलवाहिनी फुटली आणि नेमका व्हॉल्व्ह सापडला, तर एका गल्लीवर भागतं. नाही तर अख्खा विभाग कोरडा. म्हणून सिस्टम प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक मागते, नकाशावरची जागा मागते, तो शेवटचा कधी फिरवला ते विचारते. वर्षानुवर्षं न फिरवलेला स्पिंडल अडकून बसतो, आणि हे कळतं ऐन शटडाऊनच्या रात्री.

स्वभावाने मात्र ती भाबडी. सांगाल ते खरं मानते. महिनाअखेरीचा अहवाल चांगला दिसावा म्हणून न केलेल्या कामापुढे कुणी 'पूर्ण' लिहिलं, की त्याच खोट्यावर ती पुढच्या तारखा लावते. याचा मला मनापासून राग येतो. त्या एका शब्दाची किंमत लाइनच्या टोकाला राहणारी बाई रिकामा हंडा घेऊन मोजत असते.

पालिकांनी सॉफ्टवेअरची निविदा काढताना एक कलम जरूर घालावं: निवृत्तीला आलेल्या चावीवाल्यासोबत रस्त्यावर फिरून एकेक व्हॉल्व्ह नोंदवायचा, आणि या कामाचे वेगळे पैसे त्याच्या हातात द्यायचे.