हौदातील तांबूस डाग

सौंसरहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर बोरगाव लागते. कारखान्यांच्या कुंपणापलीकडे संत्र्यांच्या बागा आहेत, आणि अशाच एका बागेत आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी पोहण्याचा हौद बांधला. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर आणि खोली सव्वा मीटरला थोडी कमी. म्हणजे काठोकाठ भरला की सुमारे ६०,००० लिटर पाणी. हौस म्हणून बांधलेला हा हौद लवकरच गावाच्या उपयोगी पडला. उन्हाळ्याच्या सुटीत आसपासची पोरे तेथे पोहावयास शिकतात. नदीच्या डोहात मुले बुडाल्याच्या वार्ता दर पावसाळ्यात कानी येतात, तेव्हा या शिकवणीचे मोल आम्ही वेगळे सांगावयास नको.

यंदा वैशाखाच्या तोंडी हौदाच्या पांढऱ्या फरशीवर तांबूस डाग उमटले. प्रथम पायऱ्यांवर, मग तळाशी, नंतर पाण्याच्या रेषेला गंजाचा पट्टाच. थोरल्या चिरंजीवांनी ब्लीचिंग पावडर टाकून पाहिली, तो डाग अधिकच गडद झाले. पंप बसविणाऱ्या कारागिराचा सल्ला सरळ होता: सारे पाणी सोडून द्या आणि नवे भरा. घरात दोन तट पडले. चिरंजीव म्हणत, दोन दिवसांचे काम आहे. आजी म्हणत, "वैशाखात पाणी वाहू देशीन का बाबू? त्या शेजारणीचा हापशी तर आताच अर्धा तास चालवावा लागते." ही शेजारीण विधवा बाई असून तिच्या पदरी दोन लहान मुले आहेत. शेवटी यजमानांनी आमच्याकडे पाहिले. "आता तुम्हीच सांगा जी, फादर."

आम्ही काही जलशास्त्रज्ञ नव्हे. परंतु सेमिनरीत थोडे रसायनशास्त्र शिकलो होतो, आणि हिशेब तर कोणासही करता येतो. बोअरच्या पाण्याचा नमुना लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत दिला. लोह निघाले दर लिटरला २ मिलिग्रॅम. कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडावयास ०.३ मिलिग्रॅमदेखील पुरे होते. आता ६०,००० लिटरांत हे लोह किती? अवघे १२० ग्रॅम, मूठभर खिळ्यांइतके. एवढ्याशा लोहाने सारा हौद विटाळला. मग त्याच बोअरने हौद पुन्हा भरला तर काय होईल? आणखी १२० ग्रॅम लोह आत येईल. जुने डाग जागच्या जागी राहतील, कारण ते पाण्यात नसून फरशीवर आहेत, आणि त्यांवर नवे चढतील.

हे लोह येते कोठून, तेही सांगावयास हवे. सौंसरच्या परिसरातील प्राचीन खडकांना भूगर्भशास्त्रात याच गावाचे नाव आहे. 'सौंसर समूह' म्हणून ते ओळखले जातात, आणि बालाघाट, भंडारा व नागपूरकडील मँगनीजच्या खाणी याच खडकांत आहेत. खोल भूगर्भात हवा पोहोचत नाही. तेथे लोह पाण्यात विरघळून अदृश्य राहते. म्हणून बोअरचे पाणी उपसताना आरशासारखे स्वच्छ दिसते. वर येऊन हवा लागली, अगर क्लोरीन मिळाले, की त्याच लोहाचा गंज होतो, पाणी पिवळसर पडते आणि गाळ बसतो. ब्लीचिंग पावडरीने डाग गडद का झाले, ते यावरून कळेल. उघड्या विहिरीच्या पाण्याला मुळातच हवा लागते, म्हणून त्यात हा दोष बहुधा कमी असतो. आमच्या सिस्टरबाई वेदीवरची वस्त्रे विहिरीच्याच पाण्यात धुतात. बोअरच्या पाण्याने ती पिवळी पडतात हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून माहीत होते.

आजींचे ज्ञानही असेच. "या पाण्यात चहा काळा पडते," असे त्या बोअर खोदल्यापासून सांगत होत्या. चहातील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग काळा होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तीही याच गुणावर. घरातील वृद्धांचे बोलणे तक्रार म्हणून सोडून देण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस आवडत नाही.

चिरंजीवांनी एक प्रश्न मात्र मार्मिक विचारला. पहिल्या दोन वर्षी डाग का पडले नाहीत? पहिल्या दोन उन्हाळ्यांत हौद शेतातील विहिरीवर भरला होता. गेल्या वर्षी विहीर आटली आणि बोअर घेतला. शिवाय उन्हाने हौदातील पाणी दिवसाला सेंटिमीटरभर उडते, म्हणजे सुमारे ५०० लिटर. तेवढेच रोज बोअरमधून भरावयाचे. पाणी उडून जाते, लोह मागे राहते! रोज एक ग्रॅम याप्रमाणे दोन महिन्यांत ६० ग्रॅमची भर पडते. हौद न बदलताही डाग वाढत जातात ते असे.

ब्राझीलमधील रिओ येथे २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये तलावांचे पाणी हिरवे झाल्याचे अनेकांना स्मरत असेल. तेथे कारण निराळे होते. चुकीचे रसायन पडून क्लोरीन निकामी झाले होते. एका तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून टाकण्यात आले. पण त्या जागी जे आणले, ते शेजारच्या सरावाच्या तलावातील निर्मळ पाणी होते. बदलाचे पाणी अधिक चांगले असेल तरच बदलण्यास अर्थ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हेही आम्ही त्या घरी बोलून दाखविले. जल जीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी ठरविले आहे. त्या मापाने ६०,००० लिटर म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे सात महिन्यांचे पाणी. हे ऐकल्यावर चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत.

पुढे जे केले ते त्यांनीच केले, आणि मनापासून केले. पाणी न सोडता त्यात तुरटी फिरविली. दोन रात्री हौद निश्चल ठेवला आणि तळाशी बसलेला तांबडा गाळ नळीने ओढून काढला. त्यात पाणी गेले ते दोन-अडीच हजार लिटर. डागांसाठी औषधांच्या दुकानातून क जीवनसत्त्वाची गोळी आणून एका डागावर चोळून पाहिली. डाग फिका झाला, तेव्हा तो लोहाचाच हे ठरले. लिंबू-मीठ लावून कपड्यावरचा गंज काढतात, त्यातलाच हा प्रकार. मग तीच भुकटी जुन्या पायमोज्यात भरून, काठीला बांधून तळ घासला. या जीवनसत्त्वाने क्लोरीन नष्ट होते, म्हणून ते काम संपेतो क्लोरीन टाकले नाही, आणि पुढे थोडे थोडे वाढवून त्याचे प्रमाण नीट बसेपर्यंत एकाही पोरास पाण्यात उतरू दिले नाही. पोरे काठावर बसून रोज विचारीत, "आज का?"

रोजच्या भरीच्या पाण्यासाठी दोन पिंपे मांडली आहेत. वरच्या पिंपात बोअरचे पाणी झारीसारख्या नळीतून गिट्टीवर पडते. तेथे त्याला हवा लागते. खालच्या पिंपात ते निवते आणि रेतीतून गाळून हौदात जाते. रेती दर आठवड्यास धुवावी लागते, आणि ती पहिल्या वेळी किती तांबडी निघाली हे पाहण्यासाठी शेजारची मंडळीही जमली होती.

पाणी बदलण्याचा विचार सोडलेला नाही. तो श्रावणावर टाकला आहे. घराचे छप्पर १०० चौरस मीटर आहे. मोसमात १,००० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला पाऊण भाग धरता आला, तर ७५,००० लिटर पाणी मिळेल, आणि पावसाच्या पाण्यात लोह नसते. जुने पाणी चार दिवस उन्हात ठेवून, क्लोरीन उडाल्यावर, संत्र्यांना द्यावयाचे आहे. पन्हाळ्यांसाठी पत्र्याचे मोजमाप यजमानांनी घेऊन ठेवले आहे.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात पोरे पाण्यात उतरली. त्या शेजारणीची दोन्ही मुले त्यांत आहेत. तिसऱ्या पायरीवरचे काही काळे ठिपके मात्र गोळीने हलले नाहीत. ते मँगनीजचे असावेत असा आमचा कयास आहे. चिरंजीवांनी पाण्याचा दुसरा नमुना प्रयोगशाळेत धाडला आहे.