शून्याखालची खरी

ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर उघडलं की वर दोन आडव्या पट्ट्या दिसतात, एक रेकॉर्डिंगची, दुसरी ऐकण्याची. माइकचं चित्र शेजारी असलेली पहिली फार स्पष्टवक्ती. सुरातलं तिला काही कळत नाही. कीर्तनात महाराज किती रंगले, ओवी कुणाच्या काळजाला भिडली, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आवाज छतापासून किती खाली आहे, एवढंच ती सांगते. छत म्हणजे शून्य डेसिबल, म्हणून डेसिबलमधले तिचे बाकी सगळे आकडे उणे.

तिचं बोलणं कळायला आधी तिची सेटिंग बघावी. मोजपट्टी लिनियर ठेवली तर उणे 20 चा आवाज जेमतेम दहावा हिस्सा भरतो. नवखा माणूस घाबरून गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, चढवतो. तीच मोजपट्टी डेसिबलवर आणून तळ उणे 60 ला ठेवला, की तोच आवाज दोन तृतीयांश जागा व्यापतो. तळ उणे 36 केला तर हळू बोलणं दिसेनासं होतं. उणे 145 केला तर पंख्याची घरघरसुद्धा अर्ध्याच्या पुढे सरकते. भाषण आणि भजनासाठी माझा कौल उणे 60 लाच.

आरएमएसची शैली निवडली, की तिच्या अंगावर दोन छटा उमटतात. आखूड छटा सरासरीची, लांब छटा त्या क्षणाच्या शिखराची. पेटी वाजताना दोन्ही जवळजवळ चालतात. पखवाजावर थाप पडली की शिखर झेप घेतं आणि सरासरी खालीच राहते. कानाला जाणवते ती मुख्यतः सरासरी, म्हणूनच नुसत्या कानावर विसंबून लेव्हल लावू नये.

छताला आवाज टेकला की टोकाला लाल खूण उमटते. तेव्हा आवाज फाटलेला असतो. मागाहून व्हॉल्यूम कमी केला तरी छाटलेली शिखरं परत येत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 साली हेमा राईरकर, गी पॉइतवँ आणि बर्नार बेल यांच्या चमूने बायांच्या तोंडून बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात ऐकता येतात. तो गळा, ते वय, ती सकाळ पुन्हा जमवता येत नाही. अशा कामात या पट्टीचा शब्द मोडणं मला पाप वाटतं.

बीड जिल्ह्यात गावोगाव सप्ताह होतात आणि कीर्तनं मोबाइल-लॅपटॉपवर उतरवली जातात. निरूपण शांत असतं, म्हणून त्यावर लेव्हल लावली जाते. मग गजर सुरू होतो, टाळ-पखवाज तुटून पडतात आणि पट्टी लाल होते. तेव्हा रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरांनो, कीर्तनाआधी टाळकऱ्यांना आणि पखवाजवाल्यांना दोन मिनिटं जोरात वाजवायला सांगा. शिखर उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान राहील असा गेन लावा, आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा.