मोजणाऱ्याने किती घ्यावे?

कोल्हापूरच्या माणसाला मोजमापाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. आषाढ-श्रावणात चार दिवस सारखी झड लागली, की कोपऱ्यावरचा पानपट्टीवालासुद्धा जलतज्ज्ञ होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट झाली, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, त्यांतून किती क्युसेक पाणी सुटले, हे आकडे घरोघर चहाबरोबर घेतले जातात. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे येथल्या मुलांना पाढ्यांबरोबरच पाठ होते. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा सारे शहर त्या एका आकड्याकडे कान लावून बसले होते.

हे शिक्षण मला पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडले. आमची कन्या सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेला आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला असताना ती दर शनिवारी एस. टी.ने घरी येई, आणि पिशवीतून मळक्या कपड्यांबरोबर विद्युतमापन आणि सर्किट हे दोन विषयही बाहेर पडत. मी मराठीचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध दिवा लावणे, दिवा मालवणे आणि बिल भरणे एवढाच. परंतु एखादा विषय आपल्याला कळला आहे की नाही हे पाहायचे असेल, तर तो अजिबात न कळणाऱ्याला समजावून सांगावा. आणि या कामी घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

“बाबा, व्होल्ट म्हणजे तुमचे फूट आणि अँपिअर म्हणजे क्युसेक,” तिने सुरुवात केली. पातळीतला फरक पाण्याला ढकलतो, तसा दाबातला फरक विजेला ढकलतो. वाटेतली अडवणूक म्हणजे रोध. या तिघांचे नाते जर्मनीतल्या ओहम नावाच्या एका शाळामास्तरांनी १८२७ साली ग्रंथात मांडले. मास्तर म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो. मग आला किरखोफ. सांध्यापाशी जेवढी वीज येते तेवढीच तेथून निघते, हा त्याचा एक नियम. १८४५ साली तो त्याने मांडला, तेव्हा तो स्वतः एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता.

“म्हणजे आपली प्रयाग चिखलीच की!” मी म्हणालो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी तेथे एकवटते आणि पुढे पंचगंगा होऊन वाहते. “पण पाचवी गुप्त सरस्वती?”

“तिचा प्रवाह शून्य धरायचा,” कन्या म्हणाली.

माझ्या आईने जपमाळ थांबवली. “शून्य कशानं गं? दिसत नाही एवढंच.”

त्यानंतर गणपतीतला एक शनिवार आला. त्या दिवशी पिशवीतून कपडेच काय ते बाहेर पडले. रविवारी दर्शनाला माणसांची रीघ लागली. आरती झाली, प्रसाद झाला, की प्रत्येकाने मायेने तिला जवळ घ्यावे आणि विचारावे, “काय गं, चाचणीत किती पडले?” “तुमच्याकडे कंपन्या येतात ना? पगार किती देतात?” तिने हसून काहीतरी सांगावे. पण प्रत्येक उत्तरागणिक तिचा आवाज थोडा थोडा खाली जात होता. संध्याकाळपर्यंत तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला.

रात्री आई तिला एवढेच म्हणाली, “जेवलीस काय गं? ये, शेंगा सोलू लाग.”

दोघी तासभर शेंगा सोलीत बसल्या. आईने तिला काही विचारले नाही. आपण सातवीत शाळा सोडली, आणि धाकट्या भावाचे दप्तर मात्र पुढे तीन वर्षे उचलून त्याला शाळेत पोचवीत राहिलो, ही जुनी हकिगत तेवढी सांगितली. सूप भरले तेव्हा आईला सर्व काही कळले होते: विसांपैकी सहा गुण पडले आहेत, सोबतची मुले पटापट समीकरणे मांडतात आणि हिची पेन्सिल पहिल्या ओळीवरच अडते, आणि दिवाळीला घरी आले की परत जायचे नाही, असे तिने ठरवले आहे. सोमवारी पहाटेच्या गाडीने मात्र ती गेली.

दसऱ्याला आली, तेव्हा पिशवीतून पुन्हा विषय निघाला. प्रयोगशाळेत तिने एक गंमत पाहिली होती. १० लाख ओहमचे दोन रोधक एकसर जोडायचे आणि त्यांना १० व्होल्टचा दाब द्यायचा. हिशेबाने प्रत्येकावर ५ व्होल्ट यायला हवेत. परंतु ज्या मीटरचा स्वतःचा रोध १ लाख ओहम आहे, तो एका रोधकाला समांतर लावला तर काटा १ व्होल्टसुद्धा दाखवीत नाही, ०.८३ वर अडतो. १ कोटी ओहमचा मीटर लावला तर ४.७६ दिसतात.

“मग पहिला मीटर बिघडलेला?” मी विचारले.

“अजिबात नाही. तो खरेच सांगतो. पण तो लावल्यावर तिथे तेवढाच दाब उरतो. मोजण्यासाठी तो स्वतःच इतकी वीज पितो, की मोजायचे तेच कमी होते.”

गणपतीतली माणसे माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांच्यात वाईट कोणीच नव्हते. पण ‘किती पडले’ हा कमी रोधाचा प्रश्न आहे. तो लावल्याबरोबर माणसातले बळ खाली येते, आणि मग जो आकडा दिसतो तो त्या माणसाचा नसतो.

म्हणून मोजूच नये, असे मात्र म्हणता येत नाही. मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. थोडीही वीज न घेणाऱ्या मीटरचा काटा हलतही नाही. ज्याला दुसऱ्याचे काहीच लागत नाही, त्याला काही कळतही नाही. या पेचाचे उत्तर सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ साली शोधले. व्हीटस्टन यांनी ते दहा वर्षांनी लोकांपुढे आणले, श्रेयही ख्रिस्तींना दिले. तरी नाव पडले ते ‘व्हीटस्टनचा पूल’ असेच. त्यात एका बाजूला अज्ञात रोध आणि त्याच्या जोडीला आपले माहीत असलेले रोध असतात. आपला रोध कमीजास्त करीत जायचे. मधला काटा शून्यावर आला, की त्या मीटरमधून काहीही वाहत नाही, आणि नेमके तेव्हाच अज्ञाताचे मोल कळते.

आईला व्हीटस्टन ठाऊक नाही. पण त्या रात्री तिने नातीच्या सहा गुणांशेजारी आपली सातवी ठेवली होती.

कन्या आता तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाच्या सर्किटच्या पेपरात तिला शेवटी किती गुण पडले, ते मी विचारले नाही. आईला माहीत आहे.