थ्रेड : पॉम्पेईसाठी एकच दिवस

भोकरदनच्या एका विद्यार्थिनीला आठ दिवसांच्या अभ्यासवर्गासाठी रोमला जायचे होते. वेळापत्रकात मोकळा दिवस एकच होता, मंगळवार. त्या दिवशी पॉम्पेई पाहायचे, हे तिने आणि तिच्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने निघण्याच्या महिनाभर आधीच ठरवून टाकले. सकाळी अवशेष, दुपारी व्हेसुव्हियसचे मुख, रात्री रोमला परत. कागदावर सारे नेटके बसले होते.

बेत विस्कटला तो वडिलांच्या फोनमुळे. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "अगं, पण आपली यक्षी कधी बघणार?"

या प्रश्नाचे मूळ १९३८ सालात आहे. त्या वर्षी आमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर ठसठशीत अलंकार, हातापायांत भरगच्च कडी-तोडे, आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या सेविका. मायुरींनी तिला लक्ष्मी मानले आणि 'पॉम्पेईची लक्ष्मी' हेच नाव रूढ झाले. ती देवी नसून यक्षी असावी, हे मत पुढे आले. मूर्तीच्या डोक्यातून खाली गेलेले एक छिद्र आहे. त्यावरून ती पूजेची मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या आसनाचा पाय असावी, असेही तर्क झाले.

ती घडली कुठे? आरंभी मथुरेचे नाव घेतले जाई. नंतर मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे तिच्याशी विलक्षण साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या आणि म. के. ढवळीकरांनी तिचे जन्मस्थान भोकरदन असल्याचे मांडले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव येते. मात्र मूर्तीच्या तळाशी खरोष्ठीतील एक अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी वायव्य भारताची. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे सापडलेल्या हस्तिदंती कामाशीही तिचे नाते सांगितले जाते. म्हणजे वाद मिटलेला नाही. भोकरदनमधील त्या घरात मात्र तो केव्हाच मिटला होता.

दख्खनचा माल भूमध्य समुद्राकडे जात होता, याविषयी मात्र शंका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचच्या बंदरात येत असल्याची नोंद आहे. तिथून मोसमी वाऱ्यांवर तांबडा समुद्र, मग इजिप्त, अलेक्झांड्रिया आणि शेवटी इटली. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. हाच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, पॉम्पेईजवळच्या स्टॅबिए येथे मरण पावला. ज्या व्यापारावर तो चिडला होता, त्यातली एक वस्तू त्याच उद्रेकात काही मैलांवर गाडली गेली.

अडचण अशी की ही मूर्ती पॉम्पेईत नाही. १७४८ साली उत्खनन सुरू झाल्यापासून तिथल्या उत्तमोत्तम वस्तू बाहेर नेल्या गेल्या आणि आज त्यांतील बहुतेक नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. 'फॉनच्या घरा'त अलेक्झांडरचे प्रसिद्ध कुट्टिमचित्र पाहणारा प्रवासी प्रत्यक्षात प्रतिकृती पाहत असतो; मूळ चित्र संग्रहालयाचे. शहर एका ठिकाणी आणि शहरातले सामान दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार आहे. केवळ अवशेष पाहून परतणारा माणूस रिकामे घर पाहून परततो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तिने संग्रहालयाच्या वेळा पाहिल्या. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी.

आता दोन गोष्टी सोडाव्या लागणार होत्या. पहिली मंगळवार. आयोजकांना लिहून तिने दोघींसाठी गुरुवार मागितला. तो मिळाला, पण त्या दिवशीची रोमन फोरममधील मार्गदर्शित फेरी बुडणार होती. तिच्यासाठी ती साधी गोष्ट नव्हती. अभ्यासवर्गाला अर्ज करताना तिने त्याच फेरीचा उल्लेख केला होता.

दुसरी गोष्ट व्हेसुव्हियस. त्यावर मैत्रीण बिथरली. "ज्वालामुखीच बघायचा नाही, तर पॉम्पेईला जायचं कशाला गं?" तिच्या बोलण्यात तथ्य होते. ज्याने शहर मारले आणि राखले, तो डोंगर वगळणे विचित्रच. पण हिशेब कठोर होता. रोम ते नेपल्स वेगवान गाडीने साधारण सव्वा तास. तिथे स्थानकाच्या तळघरातून सुटणारी चिर्कुमवेसुव्हियाना ही स्थानिक गाडी, सुमारे चाळीस मिनिटे. उतरायचे 'पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' येथे, सोरेंतोच्या मार्गावर. नावात पोम्पेई असलेली इतर स्थानकेही आहेत आणि नवखा प्रवासी तिथे हमखास चुकतो. नगर सुमारे ६६ हेक्टरांचे, त्यातले दोन तृतीयांश उकरलेले. सावली जवळजवळ नाही. चार-साडेचार तास त्यालाच हवेत, आणि मग नेपल्सला परतून संग्रहालय.

शेवटी दोघींनी वाटून घेतले. सकाळ एकत्र, दुपारी मैत्रीण डोंगराकडे, ही संग्रहालयाकडे, संध्याकाळी नेपल्सच्या स्थानकावर भेट. पॉम्पेईच्या फोरममधून ज्युपिटरच्या मंदिरामागे व्हेसुव्हियस उभा दिसतो, तेवढ्यावर हिने समाधान मानले. प्रवेशिका आधीच काढल्या, कारण आता त्या व्यक्तीच्या नावाने मिळतात आणि दिवसाला वीस हजारांहून अधिक लोकांना प्रवेश नसतो. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही, म्हणून दोघींनी लहान झोळ्या घेतल्या.

मग तिने नकाशा पसरला. पॉम्पेईचे पत्ते वाचणे सोपे आहे, याचे श्रेय जुझेप्पे फिओरेल्ली यांना. एकोणिसाव्या शतकात त्यांनी शहराचे नऊ विभाग पाडले, विभागांतील घरांच्या चौकांना क्रमांक दिले आणि चौकातील प्रत्येक दारालाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यांना असा पत्ता मिळाला. 'भारतीय मूर्तीचे घर' म्हणजे विभाग १, चौक ८, दार ५. फोरमकडून अँफिथिएटरकडे जाणाऱ्या 'व्हिया देल्लाब्बोंदान्सा' या हमरस्त्याच्या परिसरात ते आहे. कोणती घरे कोणत्या दिवशी उघडी असतील ते बदलत असते. दार बंद असले तर उंबऱ्यापर्यंत जायचे, असे तिने ठरवले.

संग्रहालयातील जागा तिने सर्वांत शेवटी शोधली आणि थोडी खट्टू झाली. मूर्ती 'गुप्त दालना'त आहे. पॉम्पेईतील कामुक कलाकृती १८१९ साली कुलूपबंद करून ज्या खोलीत ठेवल्या गेल्या आणि जी सर्वांसाठी २००० साली नीट खुली झाली, ती ही खोली. मूर्ती विवस्त्र आहे, एवढ्यावरून ती तिथे गेली. कार्ले, सांची किंवा भारहूतची शिल्पे पाहून वाढलेल्या डोळ्यांना हे वर्गीकरण परके वाटणारच.

रात्री तिने वडिलांना सगळा कार्यक्रम कळवला. "फोरमची फेरी गेली बाबा," ती म्हणाली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तेरला लामतुरे संग्रहालयात आपण गेलो होतो, आठवतं? तू सहावीत होतीस. तिथल्या मूर्तीचे तोडे डोळ्यांसमोर ठेव आणि मग हिचे बघ. फोटो नीट काढ हं, हात हलवू नकोस."

तिने वहीच्या पहिल्या पानावर १.८.५ लिहिले, त्याखाली गाडीची वेळ.